न लाभणारी जागा

प्रत्येक शहरात, प्रत्येक पेठेत, फार काय बऱ्यापैकी तालुक्याच्या गावीसुद्धा अशी एक जागा असतेच. मोक्याची म्हणावी तर तिच्याइतकी मोक्याची दुसरी नाही. ऐन नाक्यावर, स्टेशनच्या वाटेवर, दोन रस्त्यांकडे तोंड करून बसलेली. आणि तरीही तिथे कोणी हॉटेल काढले की वर्षा-दीड वर्षात त्याचा गाशा गुंडाळलाच म्हणून समजा! पाटी बदलते, भिंतींचा रंग बदलतो, झेंडूच्या माळा लावून नव्याने उद्घाटन होते, उद्घाटनाला आलेली मंडळी फुकटचा चहा पिऊन "जागा फार छान मिळवलीत हं" म्हणून जातात. आणि पुढल्या दिवाळीला पाहावे तो दाराला कुलूप. मग शेजारीपाजारी मान हलवून एकच वाक्य बोलतात, "जागाच लाभत नाही हो!"

आमच्या गिरणगावात, माझ्या चाळीच्या अगदी समोर, अशी एक जागा आहे. माझी खोली दुसऱ्या मजल्यावर आणि निवृत्तीनंतर माझा मुक्काम बहुतेक गॅलरीत. त्यामुळे ह्या जागेचा इतिहास माझ्याइतका दुसऱ्या कोणाला ठाऊक नसेल. २००३ साली तिथे चायनीज आले. ते गेले, मग सँडविच आणि फळांचे रस आले. ते गेले, मालवणी खानावळ आली. तिच्यामागून पिझ्झा, पिझ्झ्यामागून मिसळ. मिसळवाल्याचा जरा जम बसतोय असे वाटले तोच मार्च २०२० उजाडला आणि सगळ्या मुंबईचेच दार लागले. हॉटेलात बसून खाण्याची परवानगी मिळाली ती ५ ऑक्टोबर २०२० पासून, तीही निम्म्या खुर्च्यांवर. तोवर मिसळवाला गावी निघून गेला होता. त्यानंतर कुल्हडातला चहा विकणारे एक दुकान आले आणि गेले. अठरा-एकोणीस वर्षांत सहा पाट्या!

कारणे तर चाळीत घरटी एक आहे. कोणी म्हणतात, खाली बुजवलेली विहीर आहे. कोणी म्हणतात, पिंपळ तोडला. तळमजल्यावरच्या आजींच्या मते जुन्या मालकाने एका विधवेला तिथून बाहेर काढले, तिचा तळतळाट आहे. जरा शिकलेली मंडळी 'वेध' म्हणतात. समोरचा रस्ता थेट दारावर येऊन आदळतो ना, म्हणून. पिझ्झावाल्याने दोनदा वास्तुशांत केली, दारावर कोहळा टांगला, दर शनिवारी नवे लिंबू-मिरची. एवढी लिंबे पिझ्झ्याऐवजी सरबतात घातली असती तर बरी कमाई झाली असती, असे मला आपले वाटते.

पण गंमत अशी की ज्या जागेला आपण नाट लागलेली म्हणतो, तशाच जागांवर ह्या मुंबईत एक सबंध जमात उभी राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी यझ्द आणि केरमान ह्या बाजूंनी इराणी मंडळी मुंबईला आली. इथल्या हिंदू व्यापाऱ्यांना म्हणे कोपऱ्याचे दुकान अशुभ वाटे. इराण्यांना त्याचे सोयरसुतक नव्हते. त्यांनी कोपरे घेतले. ही कथा मुंबईत इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिच्यात मीठमसाला किती आणि मूळ पदार्थ किती हे निवडणे कठीण. परंतु व्यवहाराच्या दृष्टीने ती मला पटते. दहा माणसे एखाद्या जागेला भिऊ लागली की तिचे भाडे उतरते, आणि अकरावा न भिणारा माणूस ते उतरलेले भाडे खिशात घालतो. शिवाय कोपरा म्हणजे दोन रस्त्यांचा उजेड, दोन रस्त्यांचा वारा, दोन दारे आणि दोन्हीकडून दिसणारी पाटी. आत संगमरवरी टेबले, भिंतीला आरसे, समोर ब्रून मस्का आणि चहा! धोबी तलावावरचे कयानी १९०४ चे, ग्रँट रोड स्टेशनाबाहेरचे मेरवान १९१४ चे. शंभरी उलटून गेली, आणि तीही चहा, पाव आणि मावा केकवर.

मात्र त्यांच्या दीर्घायुष्याचे सारे श्रेय मस्क्याला देऊ नये. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या भाडेकरूंची भाडी जागच्या जागी गोठवली. ज्याचे भाडे आजोबांच्या वेळचे, त्याला एक कप चहावर तासभर वर्तमानपत्र वाचणारे गिऱ्हाईक परवडते. नव्याने जागा घेणाऱ्याला ते कसे परवडावे? पुढे १९९९ चा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला; पण जुना भाडेकरू आणि नवा परवानाधारक ह्यांच्यातली दरी काही बुजली नाही. एकाच रस्त्यावर, भिंतीला भिंत लावून, एकाचे भाडे नगण्य तर दुसऱ्याचे छातीत धडकी भरवणारे. दोघांच्या चहाची किंमत मात्र फार वेगळी ठेवता येत नाही. मग ज्याचे दुकान बुडते त्याची जागा 'न लाभणारी' ठरते.

आणि बुडणे तरी किती नवलाचे आहे? 'दहातली नऊ हॉटेले पहिल्या वर्षी बुडतात' असे आपण ऐकतो, ते काही खरे नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरी १९९६ ते १९९९ ह्या काळातल्या हॉटेलांची पाहणी झाली होती. तिचे निष्कर्ष २००५ साली प्रसिद्ध झाले. त्यात पहिल्या वर्षी सुमारे २६ टक्के आणि तीन वर्षांत मिळून सुमारे ६० टक्के हॉटेले बंद झालेली वा हात बदललेली आढळली. कोलंबस म्हणजे परळ नव्हे, हे मलाही कळते. तरी क्षणभर तोच आकडा धरा. पाचांतली तीन बुडणार असतील, तर लागोपाठ चार बुडण्याचा संभव आठात एक येतो. म्हणजे शहरात चार-चार वेळा मालक बदललेल्या शंभर जागा घेतल्या, तर त्यांतल्या बारा-तेरा जागांवर चारही बुडालेले सापडतील. आणि तिथे ना विहीर असेल, ना पिंपळ, ना कोणाचा तळतळाट.

तरीही आमच्या नाक्याच्या बाबतीत मी नुसत्या गणितावर विसंबायला तयार नाही. कारण मी ती खानावळ पाहिली आहे.

एका निवृत्त बस कंडक्टरने आणि त्याच्या बायकोने ती काढली होती. ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड, दोन्ही त्यात घातले. बाईंच्या हाताला अशी चव की बांगड्याच्या तिखल्यासाठी मी जिने उतरून, रस्ता ओलांडून जात असे. आणि माझे गुडघे पाहता ही काही लहानसहान शिफारस नव्हे. वडे-सागोती रविवारी, सोलकढी रोज. मग बुडाले कसे? पहिली गोष्ट म्हणजे भटारखान्याला धुराडे नव्हते. तळणाचा धूर आणि मासळीचा वास सरळ वरच्या बिऱ्हाडांत जाई. त्यांनी अर्ज केला आणि अर्ज काही खोटा नव्हता. धुराडे वरपर्यंत न्यायचे तर मालकाची परवानगी हवी, आणि मालकाचे म्हणणे असे की ११ महिन्यांच्या करारात धुराडे बसत नाही. दुसरी गोष्ट, १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने जो कामगार ह्या रस्त्यावरून उठवला, तो पुन्हा आलाच नाही. गिरण्यांच्या जागी काचेचे मनोरे उभे राहिले. त्यांतली माणसे दुपारी खाली उतरतच नाहीत, त्यांचे उपाहारगृह आतच असते. दुपारी बारा ते तीन मी त्या खानावळीत भरलेल्यापेक्षा रिकामी टेबलेच जास्त पाहिली. करार संपताना भाडे वाढवून मागितले तेव्हा त्यांनी भांडी विकायला काढली. बाईंनी एक परात तेवढी ठेवून घेतली.

ती भांडी घेणारा जुन्या हॉटेल-सामानाचा व्यापारी माझ्या ओळखीचा झाला, कारण तो दर दोन-तीन वर्षांनी येतोच. ह्या गृहस्थाइतका जागांचा जाणकार मी पाहिला नाही. कोणत्या नाक्यावर कोण किती दिवस टिकेल हे तो उद्घाटनाच्या दिवशी सांगतो. आमच्या जागेतला ग्रॅनाइटचा ओटा त्याने तीनदा विकत घेतला आणि तीनदा विकला, पण एकदाही जागचा हलवला नाही! "साहेब," तो मला म्हणाला, "लोक जागा बघायला सकाळी येतात. सकाळी सगळ्याच जागा चांगल्या दिसतात."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसले आणि मी गॅलरीतून जरा नीट पाहू लागलो. सकाळी सात ते दहा माणसांचा लोंढा स्टेशनकडे जातो तो आमच्या बाजूच्या पदपथावरून. रस्त्याच्या मधोमध दुभाजक आहे. मूठभर पोह्यांसाठी तो ओलांडण्याची कोणाची छाती नाही. संध्याकाळी तीच माणसे परतताना त्या नाक्यावरून जातात, पण हातात भाजीची पिशवी आणि तोंड घराकडे. बसून जेवायला त्यांना वेळ नसतो. ही जागा संध्याकाळची आहे, आणि तीसुद्धा उभ्या-उभ्या बांधून नेण्याची. आलेल्या सहाही जणांनी तिथे टेबले मांडली.

जागेचीही एक वेळ असते. बॅलार्ड इस्टेटमधले ब्रिटानिया १९२३ चे. भोवती कचेऱ्याच कचेऱ्या, संध्याकाळ झाली की सगळा भाग सुनसान. त्यांनी रात्रीच्या गिऱ्हाइकाची वाट पाहण्यात आयुष्य घालवले नाही. वर्षानुवर्षे दुपारचे जेवण वाढले आणि बेरी पुलावाचे नाव केले. माटुंगा स्टेशनाजवळचे रामा नायकांचे बोर्डिंग १९४२ चे, आणि तेही पहिल्या मजल्यावर. हॉटेलवाला जिन्याला भितो. पण जो पोटभर जेवायलाच निघाला आहे तो जिना चढतो. चहाला मात्र कोणी चढणार नाही.

आता ह्याच्या उलट जातीच्या जागा घ्या. तिथे काहीही विका, बुडत नाही, आणि म्हणूनच तिथे कधी धड खायला मिळत नाही. थंड हवेच्या ठिकाणी ऐन कड्यावर, सूर्यास्ताच्या तोंडावर, कशी जागा असते! आणि हातात येतो तो कोमट चहा आणि तेलात बुडालेली भजी. यष्टीच्या थांब्यावरची उपाहारगृहेही ह्याच कुळातली. जो आज खाणार तो पुन्हा वर्षभर येणार नाही, आणि दहा मिनिटांत गाडी सुटणार. मग वाटाणा नीट कशाला शिजवायचा? मक्ता मिळतो तो सर्वांत जास्त पैसे भरणाऱ्याला, सर्वांत चांगली उसळ करणाऱ्याला नव्हे. वाया गेलेली जागा म्हणतात ती हीच, असे माझे स्पष्ट मत आहे. बुडणाऱ्या जागेची कीव तरी येते.

ह्याला अपवाद कर्जतचा. घाट चढण्यासाठी मागून इंजिने जोडायला पुण्याकडे जाणाऱ्या गाड्या तिथे थांबत आल्या, आणि फलाटावर दिवाडकरांचा वडा. अडलेले गिऱ्हाईक तिथेही होतेच. पण ह्या मार्गावरचा बराचसा प्रवासी पासवाला, आज फसवले तर उद्या पुन्हा खिडकीशी हजर! त्याच्याशी वडेवाल्याला नीट वागावेच लागते.

तर आमच्या नाक्याविषयी. चहाचे दुकान गेल्यापासून जागा रिकामीच होती. गेल्या श्रावणात चाळीतलीच एक मुलगी माझ्याकडे आली. तिची आई घरी पोळ्या लाटून देते, आणि हिला ती जागा घेऊन पोळी-भाजी केंद्र काढायचे आहे. आईच्या बांगड्या मोडून अनामत भरायची, असा बेत. तळमजल्यावरच्या आजींनी तिला विहीर सांगितली, पिंपळ सांगितला. मी म्हटले, "बाळ, तू आधी तीन संध्याकाळी इथे बस आणि मोज."

ती वही घेऊन बसली. सहा ते नऊ. बायका किती, पुरुष किती, हातात पिशवी असलेले किती, नाक्यावर थबकणारे किती. तिसऱ्या दिवशी वही मिटून म्हणाली, "काका, मला एवढी जागा नकोच. पुढचा अर्धा गाळा पुरे. तळण नाही, टेबल नाही, धूर नाही." मग तिने वरच्या दोन्ही बिऱ्हाडांत जाऊन स्वतः विचारले, पोळ्यांच्या वासाची हरकत आहे का. एकाने उलट दहा पोळ्या रोजच्या लावल्या.

मालकाकडे मी तिच्याबरोबर गेलो होतो. तिची मागणी दोन गोष्टींची: अर्ध्या गाळ्याचे अर्धे भाडे आणि ११ ऐवजी ३३ महिन्यांचा करार, वाढ किती ती आताच लिहून. मालकांनी चहा दिला, चांगला दिला. म्हणाले, जागा मोक्याची आहे, सबंधच द्यायची आहे, दोन मोठ्या पार्ट्या विचारून गेल्या आहेत. उत्तर द्यायला त्यांनी दिवाळीपर्यंतची मुदत मागितली. सामानवाला व्यापारी परवाच येऊन ओटा पाहून गेला. बांगड्या अजून पेटीत आहेत, आणि करारावर सही होईपर्यंत त्या तिथेच राहू देत, असे मी तिच्या आईला बजावून ठेवले आहे.