मित्राच्या चित्रांमधून चालणारे संगीत

रशियन वास्तुशिल्पी व चित्रकार व्हिक्टर हार्टमान 1873 साली, वयाच्या अवघ्या 39 व्या वर्षी, अकस्मात निवर्तला, आणि पुढील वर्षी समीक्षक स्तासोव याच्या पुढाकाराने सेंट पीटर्सबर्ग येथे भरलेले त्याच्या कृतींचे स्मृतिप्रदर्शन पाहून त्याचा शोकाकुल स्नेही, संगीतकार मुसोर्गस्की, याने जी पियानोरचना सिद्ध केली, तीच ‘प्रदर्शनातील चित्रे’ होय. तीत वारंवार येणारी ‘प्रोमनाद’ ही सुरावट म्हणजे एका चित्राकडून दुसऱ्या चित्राकडे जाणारा स्वतः संगीतकार; तिचे ठेके पाच आणि सहा असे आलटून पालटून पडतात, म्हणून ती चाल सैनिकाची न होता रसिकाची होते. पॅरिसच्या भूमिगत अस्थिगृहाच्या ज्या चित्रात हार्टमानने कंदिलाच्या उजेडात स्वतःलाही रेखाटले होते, तेथे मात्र हीच सुरावट उंच, कंपित स्वरांखाली विषण्ण होऊन उमटते. मृत मित्राची सर्जनशक्ती आपणांस कवट्यांकडे नेत आहे, अशा आशयाची टीप मुसोर्गस्कीने हस्तलिखितात केली आहे. माझ्या मते सबंध कृतीचे मर्म येथेच आहे.

ही रचना त्याच्या हयातीत छापली गेली नाही; 1922 साली फ्रेंच संगीतकार राव्हेलने केलेल्या वाद्यवृंदरूपाने ती जगभर पोहोचली. वाचकांनी तिचे मूळ पियानोरूपच प्रथम ऐकावे.