चाकांचे कोन आणि दुहेरी कामाची मोटार

चालत्या मोटारीचा रस्त्याशी प्रत्यक्ष संबंध येतो तो केवळ चार ठिकाणी, आणि यांपैकी प्रत्येक ठिकाण साधारणपणे माणसाच्या तळहाताएवढे असते. वेग घेणे, थांबणे आणि वळणे या तिन्ही क्रिया या चार तळहातांच्या पकडीवर अवलंबून असतात. इंजिन कितीही शक्तिमान असले तरी टायर जेवढी पकड देईल तेवढीच शक्ती उपयोगी पडते. म्हणूनच टायर जमिनीवर कसा टेकतो, सपाट टेकतो की कडेवर, सरळ धावतो की किंचित तिरपा, हा प्रश्न शर्यतीच्या मोटारीच्या बाबतीत सर्वांत आधी विचारावा लागतो.

आपल्या देशात हा प्रश्न थोडा वेगळ्या स्वरूपात उभा राहतो. मद्रासजवळील शोलावरम येथील युद्धकालीन धावपट्टीवर अनेक दशके शर्यती झाल्या. पुढे १९९० मध्ये इरुंगट्टुकोट्टै येथे खास शर्यतींसाठी बांधलेला मार्ग सुरू झाला, आणि त्यानंतर कोइमतूरजवळ करी मोटर स्पीडवे तयार झाला. मात्र अशा मार्गांवर किंवा मातीच्या मैदानावरील ऑटोक्रॉसमध्ये उतरणाऱ्या पुष्कळशा हौशी चालकांपाशी शर्यतीसाठी वेगळी मोटार नसते. रविवारी घड्याळाशी झुंजलेली मोटारच सोमवारी सकाळी कचेरीच्या वाटेवर खड्डे चुकवीत असते. तिच्यात बदल करायचा तो या दोन्ही कामांचे भान ठेवूनच. नवशिका चालक बहुधा रुंद टायर, खाली बसविणाऱ्या स्प्रिंगा आणि गर्जना करणारा सायलेन्सर यांच्यावर प्रथम पैसे खर्च करतो. वास्तविक, सर्वांत कमी खर्चाची आणि हवी तेव्हा पूर्ववत करता येणारी सुधारणा म्हणजे चाकांचे कोन बदलणे होय.

हे कोन तीन. मोटारीसमोर उभे राहून पाहिले असता चाक उभ्या रेषेपासून आत किंवा बाहेर जेवढे कललेले दिसते, तो कॅम्बर. चाकाचा माथा मोटारीकडे झुकलेला असेल तर कॅम्बर ऋण, बाहेर झुकलेला असेल तर धन. मोटारीच्या वर उभे राहून पाहिले, तर दोन्ही चाकांची पुढची टोके एकमेकांकडे वळलेली असतात किंवा परस्परांपासून दूर गेलेली असतात. यांना अनुक्रमे टो-इन आणि टो-आउट म्हणतात. तिसरा कॅस्टर. पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते तो आस बाजूने पाहता मागे कललेला असतो. सायकलचा पुढचा फाटा जसा तिरपा असतो, तसाच.

आता वळणावर काय घडते ते पाहू. मोटार उजवीकडे वळली की तिचा देह डावीकडे झुकतो आणि बराचसा भार डाव्या चाकांवर येतो. देहाबरोबर चाकही बाहेर झुकू पाहते. जुन्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढील चाकांना वर आणि खाली असे दोन आर्म होते. अशा रचनेत आर्मची लांबी योग्य ठेवली, तर चाक वर दाबले जाताना आपोआप आत कलते आणि बराचसा झोल भरून निघतो. मारुती ८०० ही १९८३ मध्ये आली ती मॅक्फर्सन स्ट्रट घेऊन, आणि त्यानंतरच्या बहुतेक लहान मोटारींनी हीच रचना स्वीकारली. अर्ल मॅक्फर्सन या अमेरिकन अभियंत्याची ही योजना स्वस्त, हलकी आणि थोडक्या जागेत मावणारी आहे. परंतु चाक वर दाबले गेल्यावर ते आत कलण्याचे प्रमाण तिच्यात कमी असते. समजा, वळणावर देह तीन अंश झुकला आणि स्ट्रटने त्यांतील एक अंश भरून काढला, तर बाहेरचे चाक दोन अंश बाहेर झुकलेलेच राहते. कारखान्यातून कॅम्बर उणे अर्धा अंश मिळाला असेल, तर अजून दीड अंशाची तूट उरते. ज्या टायरवर सर्वाधिक भार आहे, तो अशा रीतीने आपल्या बाहेरच्या कडेवर धावतो.

ही तूट डोळ्यांनी पाहता येते. टायरच्या बाहेरील खांद्यावर खडूच्या रेघा ओढाव्यात आणि दोन-तीन फेऱ्या मारून याव्यात. रेघ कोठपर्यंत पुसली गेली यावरून टायर किती कलला ते कळते. अधिक चांगला मार्ग उष्णतामापकाचा. फेरी संपताच टायरच्या आतल्या, मधल्या आणि बाहेरच्या पट्ट्यांचे तापमान घ्यावे. बाहेरची कड सर्वांत तापलेली असेल तर ऋण कॅम्बर अपुरा आहे. आतली कड बाहेरच्यापेक्षा थोडीशी, म्हणजे पाच ते दहा अंश सेल्सिअस अधिक गरम असणे इष्ट, कारण सरळ भागात आतल्या कडेवर भार असतोच. मधला पट्टा दोन्ही कडांहून गरम निघाला तर दोष कोनाचा नसून हवेच्या अधिक दाबाचा असतो.

मग चाके सरळ उणे तीन अंशांवर का नेऊ नयेत? शर्यतीसाठीच राखलेल्या मोटारीत तसे करतातही. परंतु दुहेरी कामाची मोटार आपल्या आयुष्याचा फार मोठा भाग सरळ रस्त्यावर घालविते. तेथे अति ऋण कॅम्बरचा टायर आतल्या कडेवर चालतो, ब्रेक दाबताना पूर्ण रुंदी जमिनीला लागत नाही, आणि मालमोटारींनी महामार्गावर पाडलेल्या चाकोऱ्यांमध्ये मोटार स्वतःच्या मर्जीने इकडेतिकडे ओढली जाते. पावसाळ्यात समोर अचानक गुरे आली असता थांबण्याचे अंतर वाढलेले कोणालाच परवडणार नाही.

येथे एक व्यापक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. टायर आतून झिजला की दोष कॅम्बरला दिला जातो. खरा गुन्हेगार पुष्कळदा टो असतो. हिशेब करून पाहू. चौदा इंची रिमचा व्यास सुमारे ३५६ मिलिमीटर. दोन्ही चाकांचा मिळून टो दोन मिलिमीटर असेल, तर प्रत्येक चाक एक मिलिमीटर तिरपे. म्हणजे ३५६ मिलिमीटर पुढे जाताना ते एक मिलिमीटर बाजूला जाऊ पाहते, पण दुसरे चाक त्याला जाऊ देत नाही. एका किलोमीटरमागे ही आडवी ओढ सुमारे २·८ मीटर होते, दहा हजार किलोमीटरमागे अठ्ठावीस किलोमीटर! रबराची लवचीकता यांतील काही भाग सोसते, उरलेला रस्त्यावर घासून जातो. ऋण कॅम्बर असताना भार आतल्या कडेवर असल्याने ही घासही प्रामुख्याने तेथेच पडते, आणि पाहणाऱ्यास वाटते की कॅम्बरने टायर खाल्ला. उणे दीड अंशाचा कॅम्बर आणि शून्य टो असलेला टायर, उणे अर्धा अंश आणि तीन मिलिमीटर टो-आउट असलेल्या टायरपेक्षा अधिक टिकण्याचीच शक्यता असते. दुहेरी कामाच्या मोटारीचा सारा व्यवहार या एका गोष्टीवर उभा आहे: कॅम्बर मध्यम ऋण ठेवावा आणि टो शून्याजवळ काटेकोरपणे राखावा.

काटेकोरपणे म्हणण्याचे कारण असे, की कॅम्बर बदलताच टोही बदलतो. चाकाचा माथा आत ओढला की टाय रॉडच्या टोकाचे स्थान हलते. टो आत जाईल की बाहेर, हे स्टिअरिंगची यंत्रणा चाकाच्या आसापुढे आहे की मागे यावर आणि त्या टोकाच्या उंचीवर ठरते. म्हणून प्रथम कॅम्बर, मग कॅस्टर आणि सर्वांत शेवटी टो, हा क्रम मोडू नये. कॅम्बर वाढवून टो तसाच सोडून देणाऱ्या कार्यशाळा काही थोड्या नाहीत; त्यांचे गिऱ्हाईक महिन्या-दोन महिन्यांत नवे टायर घेण्यास येते.

कॅस्टर हा या तिघांत सर्वांत उपेक्षित. या मोटारीचा मात्र तोच खरा मित्र. स्टिअरिंग फिरविले असता मागे कललेल्या आसामुळे बाहेरच्या चाकाला अधिक ऋण कॅम्बर मिळतो. सरळ धावताना हा परिणाम नसतो, त्यामुळे टायर झिजत नाही. जेथे हवे तेथे आणि तेवढेच! ऑटोक्रॉसच्या आखूड वळणांत स्टिअरिंग बरेच फिरवावे लागते, आणि तेथे याचा लाभ सर्वाधिक. स्टिअरिंग थोडे जड होते, एवढीच किंमत. दोन्ही बाजूंचा कॅस्टर मात्र समान असावा, नाहीतर मोटार कमी कॅस्टरच्या बाजूस ओढली जाते.

बहुतेक लहान मोटारींत कारखान्याने केवळ पुढचा टो बदलण्याची सोय दिलेली असते. कॅम्बर बदलण्याचा साधा उपाय म्हणजे स्ट्रट आणि हब जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी एकाच्या जागी विकेंद्री कॅम्बर बोल्ट बसविणे. यातून साधारण दीड अंशापर्यंत फेरफार मिळतो. पण हा बोल्ट मूळ बोल्टाहून बारीक असतो आणि कोन टिकतो तो केवळ आवळलेल्या सांध्यातील घर्षणावर. मोठ्या खड्ड्यात चाक आपटले की तो सरकू शकतो. म्हणून तो निर्मात्याने दिलेल्या मापानेच, टॉर्क रेंचने आवळावा आणि सांध्यावर रंगाची रेघ ओढावी. सरकल्यास रेघ तुटलेली दिसते. दुसरा उपाय म्हणजे स्ट्रटच्या माथ्यावरील सरकती कॅम्बर प्लेट. तिने मैदानात दहा मिनिटांत कोन बदलतो, काहींत कॅस्टरही बदलता येतो. मात्र मूळ रबराच्या जागी येणारा धातूचा गोल सांधा धूळ आणि चिखल यांना फार काळ तोंड देत नाही, आणि रस्त्याचा प्रत्येक ठोका थेट पत्र्यात पोहोचवितो. रोज मोटार चालविणाऱ्याने बोल्टावर समाधान मानावे, असे माझे मत आहे.

या दोहोंच्याही आधी एक काम असते, आणि ते कोणाला आवडत नाही, कारण ते दिसत नाही. खालच्या आर्मचे रबरी बुश, बॉल जॉइंट आणि टाय रॉडची टोके तपासून झिजलेली बदलावीत. बुश ढिला असेल तर ब्रेक लावताच आर्म मागे सरकतो आणि उभ्या मोटारीवर मोजलेला शून्य टो धावत्या मोटारीत शून्य राहत नाही.

आणि मोटार खाली बसविण्याचे काय? उंची कमी केली की गुरुत्वमध्य खाली येतो, हे खरे. परंतु स्ट्रटच्या रचनेत ज्या कल्पित बिंदूभोवती देह झुकतो, तो बिंदू त्याहूनही अधिक खाली जातो. दोहोंमधील अंतर वाढले की झुकण्याचा जोर वाढतो. कडक स्प्रिंगा तो काही अंशी झाकतात एवढेच. खालचा आर्म हबच्या बाजूला वर चढलेला राहिला तर कॅम्बरचा उरलासुरला लाभही जातो आणि खड्ड्यागणिक टो बदलू लागतो. गतिरोधकांवर पोट घासणे वेगळेच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ कडेही दुर्लक्ष करून चालणार नाही: निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल करण्यास त्यात प्रतिबंध आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो ठामपणे अधोरेखित केला.

मागील चाकांविषयी थोडक्यात. स्विफ्टसारख्या पुढील चाकांनी चालणाऱ्या मोटारीत मागे पिळदार आडवा दांडा असतो आणि तेथे कोन बदलण्याची सोय नसते. हब आणि दांडा यांच्यामध्ये पातळ चकत्या घालून तो बदलतात. मागे थोडा टो-इन मोटारीला स्थिर ठेवतो. मागचा टो-आउट मोटारीला चपळ करतो खरा, पण ओल्या घाटात तीच चपळता मोटार उलटी फिरवू शकते. रोजच्या मोटारीत तो नसावा.

मापनासाठी संगणकी यंत्र उत्तम, पण ते आवश्यकच आहे असे नाही. गवंड्याची पाण्याची नळी घेऊन चारही चाकांखालची जमीन समपातळीत आहे का ते पाहावे. कमी असेल तेथे फरशीचे तुकडे ठेवावेत. पुढील चाकांखाली मध्ये ग्रीस लावलेले दोन-दोन पत्रे घालावेत, म्हणजे चाके अडखळत नाहीत. टायरांतील हवा नेमकी असावी आणि चालकाच्या वजनाएवढी पोती त्याच्या आसनावर ठेवावीत. नंतर ओळंबा रिमजवळ सोडून रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून अंतर मोजावे. चौदा इंची रिमवर ६·२ मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश. टोसाठी मोटारीच्या दोन्ही बाजूंना, तिच्या मध्यरेषेला समांतर दोऱ्या ताणून रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून पोलादी पट्टीने अंतर घ्यावे. पहिल्यांदा या कामात अख्खी दुपार जाते, तिसऱ्या खेपेस तासभर पुरतो.

पुढे उणे दीड अंश कॅम्बर आणि शून्य टो, मागे शक्य असल्यास उणे एक अंश आणि एक-दीड मिलिमीटर टो-इन, कॅस्टर मिळेल तेवढा पण दोन्हीकडे सारखा: डांबरी मार्गासाठी येथून आरंभ करावा. मातीवर कॅम्बरचे महत्त्व कमी आणि जमिनीपासूनच्या उंचीचे अधिक, तेव्हा तेथे मूळ कोनच बहुधा पुरतात. शर्यतीच्या दिवशी उणे दोनपर्यंत जायचे असल्यास कॅम्बर बोल्टाच्या आणि टाय रॉडच्या दोन्ही स्थानांवर आदल्या आठवड्यातच खुणा करून ठेवाव्यात, आणि टाय रॉडचे किती फेरे फिरवावे लागतात ते वहीत लिहावे. संध्याकाळी मैदान सोडण्यापूर्वी, अंग कितीही थकलेले असले तरी, खुणा मूळ जागी आणाव्यात आणि बोल्ट पुन्हा आवळावेत. शंभर किलोमीटरनंतर ते आणखी एकदा तपासावेत, आणि त्याच वेळी टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवून पाहावा. झीज डोळ्यांना दिसण्याआधी बोटांना लागते.