लेकराचे औषध वजनावर



सोयाबीनवर फवारणी करायची तर १५ लिटरच्या पंपाला औषध किती घालायचे, ते आपण मापून घेतो. जास्त पडले तर पान करपते, हे ठाऊक असते. पण लेकराला ताप आला की मोठ्यांची गोळी मोडून अर्धी देतो, नाहीतर सिरप चमचाभर पाजतो.

मूल माधव नगरच्या सरकारी रुग्णालयात न्या की दुसऱ्या कुठल्या, सिस्टरांनी आधी वजन केले पाहिजे. ते झाले नाही तर आपण आठवण करावी. पॅरासिटामॉल एका वेळी किलोमागे फार तर १५ मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या मुलाला १५०. आता बाटल्या पाहा. एका सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम असते, दुसऱ्याच्या २५०, आणि थेंबांच्या बाटलीत एकाच मिलिलिटरला १००! म्हणून याच मुलाला पहिल्यातले ६ मिलिलिटर, दुसऱ्यातले ३ आणि थेंबांचे औषध अवघे दीड. तेच थेंब ५ मिलिलिटरच्या चमच्याने पाजले तर मात्रा तिपटीवर जाते आणि यकृताला धोका होतो. दोन मात्रांत निदान चार तास जाऊ द्यावेत, दिवसरात्रीत चारांहून अधिक नकोत.

खोकला असेल तर सिस्टर श्वास मोजतात. हे घरीही जमते. मूल शांत असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिने ते एक वर्ष वयात ५० किंवा अधिक, पुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर न्यूमोनियाची शंका धरून त्याच दिवशी रुग्णालय गाठा. खोकल्याच्या बाटलीने तो बरा होत नाही.

त्या बाटल्यांविषयी अधिक सांगायला हवे. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात आपल्याच राज्यात, छिंदवाडा जिल्ह्यात, वीसहून अधिक मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावली. अनेकांना नागपूरला हलवले होते. कोल्ड्रिफ सिरपमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडले. त्या आईबापांना दोष देऊ नये. औषध डॉक्टरांनी लिहून दिलेले होते. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, पाचांखालीही सहसा नकोत.

मोठ्यांनी मात्र सिस्टरांपासून काही लपवू नये: चालू गोळ्या, जडीबुटी, दारू, गरोदरपण. फवारणीनंतर लाळ-घाम सुटून चक्कर आली, तर कीटकनाशकाचा डबा बरोबर न्यावा.

सिरपबरोबर आलेले मापाचे झाकण फेकू नका. हरवले असेल तर औषधाच्या दुकानात बिनसुईची ५ मिलिलिटरची सिरिंज मागा.