विसार देण्याआधी वकील गाठा

घर पसंत पडले की लगेच विसार दिला जातो, वकील आठवतो तो नंतर. हा क्रम उलटा हवा. रेरा कायद्याच्या कलम 13 नुसार नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. मागितली तर ठाम नकार द्या.

बिल्डरने सुचवलेला वकील नको, स्वतःचा वेगळा नेमा. दुय्यम निबंधक कार्यालयातल्या साधारण 30 वर्षांच्या नोंदी पाहून तो शोध अहवाल देतो. जुने गहाण किंवा मालकीच्या साखळीतली तुटलेली कडी तिथे सापडते, म्हणून या फीत काटकसर नको. जुना फ्लॅट असेल तर आधीचे सर्व मूळ करारनामे, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीचे भागपत्र आणि ना-देय दाखला मागा. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर घर घेऊ नका. त्याने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये स्पष्ट केले आहे.

विकणाऱ्यांसाठी: किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर निवासी विक्रेत्याच्या रकमेतून खरेदीदार 1 टक्का टीडीएस कापतो. त्याचा दाखला मागून घ्या.

दस्त सही झाल्यापासून चार महिन्यांच्या आत नोंदणीसाठी सादर करावा लागतो.