तेरा मिनिटांचा पहारा

न्हावा शेवा बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झाले आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांनी बँकेने माझी बदली तिकडे केली. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मुंबई पोर्ट ट्रस्टमधून निवृत्त झालेली मंडळी पेन्शन काढायला शाखेत येत. त्यातल्या एका आजोबांनी नोटा मोजताना माझी वाकडी करंगळी पाहिली आणि विचारले, "साहेब, विकेटकीपर काय?"

मी आंतरबँक सामन्यांत यष्टींमागे उभा राहत असे. हो म्हणालो. "मग आमच्या पोर्ट ट्रस्टचे हिंदळेकर ठाऊक असतीलच!" मला नाव तेवढे ऐकून ठाऊक होते. मी ओशाळलो आणि घरी जाऊन जुनी पुस्तके काढली.

भारताचे पहिले कसोटी यष्टिरक्षक जनार्दन नवले. १९३२ साली लॉर्ड्‌सवर सलामीलाही तेच गेले होते. १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यात ती जागा दत्ताराम हिंदळेकरांकडे आली. ते रत्नागिरीचे, जन्म १९०९ चा. पोर्ट ट्रस्टमध्ये नोकरी, पगार दरमहा ८० रुपये. लॉर्ड्‌सच्या कसोटीत विजय मर्चंट यांच्याबरोबर त्यांनी ६२ धावांची सलामी दिली. पण त्या दौऱ्यात बोटाच्या हाडाचा टवका उडाला, दृष्टीही अंधुक झाली आणि मँचेस्टरची कसोटी हुकली. तिथे मर्चंटांच्या जोडीला मुश्ताक अली सलामीला गेले आणि दोघांनी २०३ धावांची भागी रचली. ती अजून सांगितली जाते. आधीची ६२ कोणाला आठवते?

मग महायुद्ध आले. दहा वर्षे भारताच्या वाट्याला कसोटी नाही. १९४६ साली सदतिसाव्या वर्षी हिंदळेकर पुन्हा इंग्लंडला गेले आणि तिन्ही कसोटी खेळले. जुलैमध्ये मँचेस्टरला भारतापुढे २७८ धावांचे लक्ष्य होते. नऊ गडी बाद झाले, तेव्हा तेरा मिनिटे उरली होती. अकराव्या क्रमांकावर हिंदळेकर आले. समोर रंगा सोहोनी. दोघांनी ती तेरा मिनिटे खेळून काढली आणि सामना अनिर्णित राहिला.

चार कसोटी, ७१ धावा, सर्वोच्च २६. आकडे एवढेच. बँकेत रोखपालाचेही असेच असते. दिवसअखेर रोकड जुळली तर कोणी शाबासकी देत नाही. दहा रुपये कमी भरले की सगळी शाखा त्याच्याभोवती जमते. यष्टिरक्षकाने अडवलेले चेंडू कोणत्याही रकान्यात चढत नाहीत. सुटलेले मात्र 'बाय' म्हणून लिहिले जातात.

मार्च १९४९ मध्ये, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, मुंबईच्या आर्थर रोड रुग्णालयात हिंदळेकर गेले. तिथे ते शेवटच्या काही दिवसांतच दाखल झाले होते आणि उपचारांची वेळ टळून गेली होती. क्रिकेट मंडळाने आणि मुंबईच्या संघटनेने मदतीसाठी आवाहन केले, पुढे निधीसाठी सामनाही झाला, काही हजार रुपये जमले. ते पाहायला हिंदळेकर नव्हते.

आज माजी कसोटीपटूंना मंडळाचे निवृत्तिवेतन मिळते, ही चांगलीच गोष्ट. पण त्या काळी देशासाठी खेळून आलेला माणूस पुन्हा ८० रुपयांच्या नोकरीवर हजर होई आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. मँचेस्टरला त्यांनी संघासाठी तेरा मिनिटे तग धरली. त्यांच्यासाठी वेळेवर कोणी उभे राहिले नाही. हा हिशेब मला काही केल्या जुळवता येत नाही.

जानेवारी २०२४ मध्ये शिवडी ते न्हावा शेवा असा अटल सेतू खुला झाला. परवा नातवाला घेऊन त्यावरून गेलो. शिवडीला चढताना मागे पोर्टाची जुनी गोदी राहिली. तिच्याकडे बोट दाखवून मी म्हणालो, "त्या पोर्टात भारताचा एक विकेटकीपर नोकरी करायचा."

"धोनीसारखा?" त्याने विचारले.

"नाही रे," मी म्हणालो, "धोनीच्या कितीतरी आधीचा." आणि न्हावा शेवा येईपर्यंत त्याला ती तेरा मिनिटे सांगत राहिलो.