खाडीच्या पोटातून आगगाडी

मुलांनो, पनवेलहून तळोजामार्गे कल्याणला निघालात की वाटेत शिळफाटा लागतो. ट्रकांची ही गर्दी! पण तिथूनच मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा बोगदा थेट वांद्रे-कुर्ला संकुलापर्यंत जाणार आहे. लांबी २१ किलोमीटर, आणि त्यातले ७ किलोमीटर चक्क ठाण्याच्या खाडीखालून! समुद्राच्या पाण्याखालचा देशातला हा पहिलाच रेल्वे बोगदा.

तुम्ही म्हणाल, सरळ पूल बांधायचा ना! पण या खाडीत दरवर्षी हजारो रोहित पक्षी उतरतात. डोकं उलटं करून, चोचीने चिखलपाणी गाळून ते आपलं अन्न वेचतात. २०१५ मध्ये इथे त्यांचं अभयारण्य झालं. पुलाचे खांब त्याच चिखलात रोवावे लागले असते. म्हणून गाडी खालून न्यायचं ठरलं. अर्थात सगळंच वाचलं असं नाही. या रेल्वेच्या वाटेतली सुमारे २० हजार तिवरं तोडायला उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये परवानगी दिली. हेही तुम्हाला ठाऊक हवं.

मग पाण्याखाली खणायचं कसं? पाण्यात नव्हे हं, पाण्याच्या तळाच्याही खाली, खडकात! त्यासाठी अवाढव्य यंत्र असतं. त्याचं गोल तोंड चार मजली इमारतीएवढं उंच. ते फिरत फिरत खडक कुरतडतं आणि मागोमाग काँक्रीटचे तुकडे जोडून कडं बसवत जातं. त्यामुळे पाणी आत शिरत नाही.

असा बोगदा दोन देशांनाही जोडतो. इंग्लंड आणि फ्रान्समधला बोगदा १९९४ मध्ये सुरू झाला. ५० किलोमीटर लांब, त्यातला जवळजवळ ३८ किलोमीटर समुद्राखाली. तिथला खडक कसला, ओळखा पाहू? खडूचा! मऊ, पण पाणी सहसा न झिरपू देणारा. दोन्ही देशांचे कामगार आपापल्या बाजूने खणत आले आणि १ डिसेंबर १९९० रोजी समुद्राखाली समोरासमोर भेटले. दोन टोकांत चूक किती? हातभरसुद्धा नाही!

आपल्याकडे शिळफाट्याच्या बाजूचा सुमारे ५ किलोमीटरचा भाग सुरुंग लावून खणला. घणसोली आणि शिळफाटा या बाजूंनी निघालेली खोदाई २० सप्टेंबर २०२५ रोजी एकमेकींना भिडली. खाडीखालचा भाग मात्र त्या यंत्राचा.

आता नकाशा काढा. शिळफाटा आणि वांद्रे यांच्यावर दोरा ताणून धरा, आणि खाडी कुठे आडवी येते ते बघा.