सकाळी नेऊ या?

"सकाळी नेऊ या." हे वाक्य आमच्या घरात आता कुणी उच्चारत नाही.

मोहोपाड्यातल्या आमच्या घरी बंड्या नावाचा बोका होता. एका शनिवारी तो सारखा मातीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथायला लागला. बारीक ओरडायचा, बाहेर यायचा, पुन्हा जायचा. सासूबाई म्हणाल्या, "पोट साफ होत नसेल गं." मलाही तेच वाटलं. रविवारी उलट्या झाल्या. सोमवारी पनवेलला नेला तेव्हा अंग गार पडलं होतं. डॉक्टरांनी पोट चाचपून विचारलं, "लघवी कधीपासून झाली नाही?" मला उत्तर देता येईना. बंड्या वाचला नाही.

बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात खडा अडकला की लघवी तुंबते, रक्तातलं पोटॅशियम वाढतं आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडू शकतं. यावर घरगुती उपाय नाही.

मग मी डॉक्टरांना खोदून खोदून विचारलं आणि सगळं एका कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं. मैत्रिणींनो, तुम्हीही लिहून ठेवा. शांत झोपलेल्या कुत्र्या-मांजराचे श्वास मोजा. मिनिटाला तीसच्या आत हवेत. चाळिसावर गेले किंवा मांजर तोंड उघडून धापा टाकू लागलं, तर लगेच निघा. हिरडीवर बोट दाबून सोडा, दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. हिरड्या पांढऱ्या, निळसर दिसल्या तर थांबू नका. आकडी पाच मिनिटांत थांबली नाही किंवा एकाच दिवसात पुन्हा आली, मोठ्या कुत्र्याचं पोट फुगून नुसत्याच कोरड्या उलट्या होऊ लागल्या, उंदराचं औषध पोटात गेलं, तरीही तेच. मे महिन्यात कुत्रा धापा टाकत कोसळला तर अंगावर साधं पाणी ओता, पंखा लावा आणि दवाखाना गाठा. आणि मांजराला आपली पॅरासिटामॉल कधीच देऊ नका. एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

पुढच्याच जुलैत कागद कामी आला. आमची राणी संध्याकाळी परसातून लंगडत आली. पंजा सुजलेला, दोन टिपक्यांतून रक्त, आणि ते थांबेना. "गांधीलमाशी असेल," हे म्हणाले. मी तिचा ओठ वर केला. हिरडी पांढरीफटक!

दोरी बांधली नाही, जखम कापली नाही, तिला चालू दिलं नाही. चादरीत उचलून गाडीत ठेवली आणि निघतानाच दवाखान्यात फोन केला. डॉक्टरांना घोणस चावल्यासारखं वाटलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच प्रतिविष चालतं, ते त्यांनी तयार ठेवलं होतं. तीन दिवसांनी राणीने शेपटी हलवली.

त्या रात्री धो धो पाऊस होता. मी क्षणभर दारात घुटमळले, तेव्हा छत्री माझ्या हातात देत सासूबाईच म्हणाल्या, "निघ आता. सकाळची वाट एकदा पाहून झालीय आपली."